थंड कोणती आहे?

अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. दिल्लीत बैठका झाल्या, निर्यातदारांनी डोक्याला हात लावला, आणि जालन्यात एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर, ठराव झाला की आजपासून अमेरिकेची बियर बंद.

ठराव मांडला दाजींनी. दाजी म्हणजे आमच्या चुलत बहिणीचे यजमान. धंदा भंगाराचा. जालन्यात भंगाराचा धंदा म्हटल्यावर नाक मुरडायचं नसतं. इथल्या भट्ट्या भंगार खातात आणि सळई देतात. त्यामुळे लोखंड, डॉलर आणि ट्रम्प या तिन्ही विषयांवर बोलायचा दाजींना अधिकार आहे. अनुमोदन बियाण्यांच्या कंपनीतल्या अण्णांनी दिलं. तिसरे गुरुजी, जिल्हा परिषद शाळेवरचे. ते मत कधी देत नाहीत, फक्त शंका काढतात. चौथा मी. माझं काम सोडा पीत शेंगदाणे संपवायचे आणि शेवटी तिघांना आपापल्या दारात सोडायचं.

गुरुजींनी पहिली शंका लगेच काढली. “बंद करा, पण अमेरिकेची कोणती ते तर ठरवा.”

“बडवायझर!” दाजी म्हणाले. “त्यात काय ठरवायचं?”

गुरुजींनी मोबाइल काढला. ही त्यांची वाईट सवय आहे. बडवायझरची मूळ अमेरिकन कंपनी 2008 मध्येच बेल्जियमच्या इनबेव्हने घेतली, मोजून 52 अब्ज डॉलरला. मुख्यालय बेल्जियममध्ये.

“बेल्जियमनं आपल्यावर काय लावलंय?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग त्यांच्यावर काहून राग काढायचा?”

दाजी म्हणाले, जाऊ द्या, आपण आपली देशी किंगफिशर घेऊ. गुरुजींचं बोट पुन्हा काचेवर फिरलं. किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजमध्ये 2021 पासून निम्म्याहून जास्त हिस्सा हाइनेकेनचा, म्हणजे हॉलंडचा. मालक देश सोडून गेले आणि मग कंपनीही हळूहळू परदेशी झाली. अण्णा म्हणाले, हेवर्ड्स 5000 तरी आपली असेल. इतकी वर्षं ढाब्यावर पाहतोय, ट्रकवाल्यांची बियर ती. तीही त्याच बेल्जियमवाल्यांकडे निघाली. आधी शॉ वॉलेस, मग सॅबमिलर, मग हे. एखाद्या सातबाऱ्यावर नसतील इतके फेरफार त्या बाटलीवर झालेले.

राहिली टुबोर्ग. ती डेन्मार्कची. इथे दाजींचा चेहरा उजळला. “डेन्मार्क म्हणजे ग्रीनलँडवाले ना? ट्रम्प त्यांच्यावरच तर टपलेत!” शत्रूचा शत्रू तो मित्र, हे सगळ्यांना पटलं. ठरावाला उपसूचना जोडली गेली: अमेरिकेची बियर बंद, आणि निषेध म्हणून डेन्मार्कची चालू. एकमताने मंजूर. वेटरला हाक मारली.

वेटर आला, फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, “टुबोर्ग हाये शेठ, पन आत्ताच लावली. गरम हाये. थंड बडवायझरच हाये.”

टेबलावर मिनिटभर कोणी बोललं नाही. मग दाजी म्हणाले, “आजच्या दिवस चालू दे. उद्यापासून.”

आपल्याकडे बहिष्कार माणूस पुकारतो आणि फ्रीज मोडतो. याचा दोष मी दाजींना देत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की जालन्यात मालाच्या मूळ देशाला अर्थ उरत नाही, तापमानाला असतो. इथल्या कुठल्याही टेबलावर बसलात तर पहिला प्रश्न ऐकू येतो तो ‘थंड कोणती आहे?’ त्यानंतर ‘स्ट्राँग आहे ना?’ आणि ब्रँडचं नाव आलंच तर तिसऱ्या क्रमांकाला. माइल्ड मागणाऱ्याकडे वेटर जरा काळजीने पाहतो. पाहुणा बाहेरगावचा असावा किंवा डॉक्टरांनी काही सांगितलं असावं.

त्या वेटरचं काम एकदा जवळून बघण्यासारखं आहे. तो फ्रीज उघडतो तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाटल्यांकडे बघतही नाही. त्या दुपारी लावलेल्या असतात, अंगाला दव नसतं. हात कोपरापर्यंत आत घालून मागच्या रांगेतली बाटली बोटांच्या उलट्या बाजूने चाचपतो, आई पोराचं कपाळ बघते तशी. पसंत पडली की मानेला धरून बाहेर काढतो, ओल्या फडक्याने पुसतो, टेबलाशी आणून लेबल आपल्याकडे वळवतो आणि मगच झाकण उडवतो. ग्लास तिरका धरून ओततो, फेस दोन बोटं. गेल्या खेपेला ज्याने सुट्टे परत मागितले, त्याच्या नशिबी पुढची रांग असते. बाजारपेठेचे अभ्यासक ग्राहकाच्या पसंतीवर जाडजूड अहवाल काढतात. त्यांनी कधीतरी या मागच्या रांगेचा हिशेब विचारावा.

अमेरिकेत अशी अडचण नाही. तिथे 2023 च्या एप्रिलमध्ये बड लाइट या बियरवर जो बहिष्कार पडला, तो खरोखर पडला. निमित्त एवढंच, की कंपनीने डिलन मुल्वेनी या ट्रान्सजेंडर इन्फ्लुएन्सरला तिचा चेहरा छापलेला एक कॅन भेट पाठवला आणि तिने तो समाजमाध्यमावर दाखवला. जुने गिऱ्हाईक खवळले. किड रॉक नावाच्या गायकाने बड लाइटच्या खोक्यांवर बंदूक चालवली आणि त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. बारमध्ये माणसं नळावरचं नाव वाचून दुसऱ्या नळाकडे बोट दाखवू लागली, आणि मे महिन्यात अमेरिकेतली पहिल्या नंबरची बियर झाली मोडेलो, म्हणजे मेक्सिकोची! देशप्रेमाचा हा मुक्काम दाजींना फार आवडला. किड रॉकचं मात्र त्यांना पटलं नाही. “भरलेल्या?” त्यांनी दोनदा विचारलं. गुरुजींची शंका वेगळी होती: खोकी विकत आणूनच फोडली असतील, तर खप वाढला की कमी झाला?

त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी समाजाच्या बारमधून कूर्स नावाची बियर हद्दपार झाली होती. ट्रकचालकांची संघटना आणि हार्वे मिल्क यांच्यासारखे कार्यकर्ते एकत्र आले आणि बारमालकांनी ती ठेवणंच सोडलं. हे जमलं, कारण बारमालक त्यांच्यातलेच होते. आमच्या परमिट रूमचा मालक आमच्यातला असूनही उधारी देत नाही. तिथे बाकीचं काय बोलावं.

शिवाय अमेरिकेतला पिणारा ग्राहक असतो. महाराष्ट्रात तो कायद्याने जवळपास रुग्ण आहे. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्याअन्वये प्यायची तर परवाना हवा, आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी. परमिट रूमला परमिट रूम म्हणतात ते यामुळेच. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना. तो आमच्या टेबलावरच्या कोणी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण असतो. वयाचाही नियम आहे: सौम्य बियर एकविसाव्या वर्षी, व्हिस्की पंचविसाव्या. म्हणजे मुलगा एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो, पण त्याचं दुःख करायला त्याला चार वर्षं थांबावं लागतं. आमच्याकडे हा प्रश्न सध्या उद्भवत नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळेपर्यंत तो बत्तिशी ओलांडतो आणि सगळ्या परवान्यांना पात्र होतो.

तर असा हा रुग्ण. त्याने बहिष्कार घालण्याऐवजी त्याच्यावरच बहिष्कार पडल्याचे दाखले जास्त आहेत. जानेवारी 2025 मध्ये युनायटेड ब्रुअरीजने जाहीर केलं, की तेलंगणाला आम्ही बियर देणार नाही. सरकारकडे थकबाकी, आणि भाव वाढवून मिळत नाहीत. अख्ख्या राज्याची किंगफिशर बंद, तीही ऐन संक्रांतीत. 8 तारखेला बंद केली, 20 ला पुन्हा सुरू केली. तेलंगण आणि आम्ही 1948 पर्यंत एकाच निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे या बातमीने जालन्यात जरा घरचं कोणी आजारी पडल्यासारखं झालं. अण्णांचे साडू निजामाबादला असतात. अण्णांनी त्यांना तिळगुळाचा फोन केला आणि पहिल्यांदा हेच विचारलं.

मग 14 जुलै 2025. वाढीव करांच्या निषेधार्थ महाराष्ट्रातल्या बारमालकांनीच दिवसभर बार बंद ठेवले. गिऱ्हाइकाने बारवर रुसायचं सोडून बारच गिऱ्हाइकावर रुसला. त्याआधी 1 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दुकानं बंद झाली, छोट्या गावांना 220 मीटरची सवलत. केरळात एका बारमालकाने दारापर्यंत चक्रव्यूहासारखी वळणं बांधून अंतर भरून काढलं होतं. दाजी त्या काळात रस्त्याने चालताना पावलं मोजायचे. त्यांच्या घरच्यांना वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

आणि 2016. बियरवर बहिष्कार घालायला मराठवाड्याकडे याहून सबळ कारण कधीच नव्हतं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यातले आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर धाडले होते. आणि इथून तासाभरावर, वाळूज-चिकलठाण्याच्या वसाहतींत, बियरचे कारखाने चालू होते. एक लिटर बियरला चारेक लिटर पाणी लागतं, म्हणजे आमच्या टेबलावरच्या एकेका बाटलीमागे अडीच लिटरहून जास्त. ते पाणी जायकवाडीचं. जालन्याच्या नळाला येतं (किंवा येत नाही) तेही जायकवाडीचंच. शेवटी औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये मद्य कारखान्यांचं पाणी आधी 50 आणि मग 60 टक्क्यांनी तोडलं. पिणाऱ्यांपैकी कोणी तोवर बाटली खाली ठेवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या बाया एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला. तेव्हा मी टेबलावर हा विषय काढला होता. दाजी शांतपणे म्हणाले, “घरी नळाला पाणी नाही म्हणून तर इथं येतो. धरणाचं पाणी इथं येतं ना.” यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. चीड आली, आणि हसूही आलं.

माणसाचं पेय बदलायचं तर न्यायालयापेक्षा दरपत्रक लवकर काम करतं, हे जून 2025 मध्ये दिसलं. सरकारने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. क्वार्टरचा किमान भाव 205 रुपये झाला. बियर आणि वाइन मात्र वाढीतून सुटली. अण्णा जन्माचे क्वार्टरवाले. महिन्याभरात ते बियरवर आले, आणि कारण विचारलं तर म्हणाले, “लिव्हरला बरी असते.” खिशाला चटका बसला की तब्येतीची काळजी वाटू लागते, हा अनुभव तसा सार्वत्रिक आहे. त्याच निर्णयात सरकारने एमएमएल, म्हणजे ‘महाराष्ट्र मेड लिकर’, असा नवा प्रकारही काढला: धान्यापासून केलेली, इथल्याच कंपन्यांची, क्वार्टर 148 रुपये. टिळकांनी स्वदेशी आणि बहिष्कार एका दमात सांगितले होते आणि 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंगही झालं होतं. सव्वाशे वर्षांच्या आत स्वदेशीचा शिक्का थेट क्वार्टरवर बसला. दाजींना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी देशप्रेमाने विचारलं, चव कशी आहे?

न पिणाऱ्यांनी एवढ्यात खूश होऊ नये. मंगल कार्यालयातली गोष्ट वेगळी नाही. कोका-कोला 1977 मध्ये देश सोडून गेला, तेव्हा सरकारने ‘डबल सेव्हन’ काढलं आणि लोकांनी थम्स अप उचललं. ऑगस्ट 2003 मध्ये दिल्लीच्या सीएसई संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं, संसदेच्या उपाहारगृहातून बाटल्या गेल्या, आणि चौकशीला संयुक्त संसदीय समिती बसली. अध्यक्ष शरद पवार. देशभर बाटल्या फुटल्या. आमच्याकडच्या लग्नांत फरक पडला नाही. कपाशीवर हंगामात पाच-सहा फवारण्या मारणाऱ्या माणसाला तुम्ही सांगितलंत, की या ग्लासात थोडं औषध आहे, तर तो फार तर कोणत्या कंपनीचं एवढं विचारतो.

आता कॅम्पा परत आलीय. रिलायन्सने 2023 मध्ये बाजारात आणली, छोटी बाटली दहा रुपयांना. लग्नांच्या मांडवात ती झपाट्याने शिरली. परवा एका वधूपित्याने मला अभिमानाने सांगितलं, “आपण विदेशी ठेवतच नाही.” शेजारी उभा असलेला त्यांचा केटरर म्हणाला, “पर प्लेट आठ रुपये वाचतात.” दोघंही खरं बोलत होते.

पण खरा बहिष्कार बघायचा असेल तर मोसंबीवरचा बघा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, 2016 मध्ये. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. अंबड-घनसावंगीकडे बागाच बागा. आणि याच भागातल्या लग्नात दारात उभं राहून पाहुण्यांना ‘वेलकम ड्रिंक’ म्हणून काय देतात? निळं पाणी. मोरचुदाच्या फवारणीच्या रंगाचं, वर लिंबाचा अर्धा काप, ग्लास प्लॅस्टिकचा. मुलीचा बाप स्वतः मोसंबीवाला, माल किलोला कवडीमोल गेला म्हणून आठवडाभर त्रासलेला. मी म्हटलं, मामा, घरची मोसंबी होती, तिचाच रस ठेवायचा की. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी अपशकुन केलाय. “लग्नात मोसंबी?” ते म्हणाले. “ती दवाखान्यात न्यायची असते!”

राहता राहिला तो बहिष्कार जो कागदावर चालतो, शिक्क्याने चालतो, आणि ज्यात पिणाऱ्यांना मतच नाही. आडव्या बाटलीचा. 2008 च्या नियमाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. (दाजींची याला तात्त्विक हरकत आहे. बाटली आडवी होते ती संपल्यावर. चित्र उलटं काढलंय, असं ते म्हणतात.) मेख अशी, की आडवीला, मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आमच्या अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडात कोयता चालवणारी बाई इकडे न येताच उभ्या बाटलीच्या पारड्यात जमा होते. यादीतल्या मेलेल्या सासवाही तिकडेच. फ्रीजमधल्या मागच्या रांगेपेक्षा हा अन्याय मोठा आहे, पण त्यावर ठराव करायला आमचं टेबल ही काही योग्य जागा नव्हे.

गुरुजींना अशाच एका मतदानाची ड्यूटी लागली होती. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला जनगणनेपासून बाटलीपर्यंत सगळ्या ड्यूट्या लागतात. ते सांगतात, सकाळी सातपासून रांग होती. आमदारकीला बाया येतात तेव्हा कोणी ना कोणी आणून सोडतं. इथे कोणी आणलं नव्हतं, उलट काहींना घरून दमदाटी झाली होती. एक आजी आल्या. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि टेबलाशी परत आल्या.

“यात फोडलेली बाटली कुठंय?”

गुरुजी म्हणाले, आजी, चिन्हं दोनच असतात. एक उभी, एक आडवी.

“आडवी केली तर उद्या कोणी बी उभी करील की. फोडलेली पायजे. नियम कोणी केला ह्यो? पिणाऱ्यानंच ना?”

नियमात तशी तरतूद नसल्याचं गुरुजींनी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी आडवीवर शिक्का मारला, इतका जोरात, की मतपत्रिका बाद धरायची का यावर मोजणीच्या वेळी चर्चा झाली. आणि फोडलेल्या बाटलीची सूचना गुरुजींनी अहवालात ‘शेरा’ रकान्यात रीतसर नोंदवून वर पाठवली. अजून उत्तर आलेलं नाही.